गळक्या वर्गखोलीपासून विधानभवनापर्यंत : खान्देशातील पालकांसाठी शाळेच्या निधीचा पाठपुरावा

आमदार तालुक्याच्या विश्रामगृहावर आले की शाळेच्या मागण्यांची निवेदने हातात घेऊन माणसे व्हरांड्यात उभी राहतात. बहुतेक निवेदनांचा मजकूर एकाच साच्यातला असतो : ‘आमच्या गावातील जिल्हा परिषद शाळेची दुरवस्था झाली असून आपण जातीने लक्ष घालावे.’ त्यावर ‘शिक्षणाधिकारी, योग्य ती कार्यवाही करावी’ असा शेरा पडतो, छायाचित्र निघते आणि तो कागद आवक नोंदवहीत एक क्रमांक घेऊन स्थिरावतो. शाळा व्यवस्थापन समितीवर असताना मीही अशी तीन निवेदने दिली होती. तिसऱ्या वेळी एका कार्यालयातल्या वयस्कर लिपिकाने मला विचारले, ‘भाऊ, हे कोणत्या लेखाशीर्षातून मागता?’ लेखाशीर्ष म्हणजे सरकारी हिशेबात खर्च ज्या शीर्षाखाली दाखवतात ते, आणि मला उत्तर देता आले नाही. निधी कोणाकडे आहे, तो कोणत्या शीर्षाखाली येतो आणि त्याची आखणी कोणत्या महिन्यात होते, या तीन गोष्टी ठाऊक नसतील तर मागणी कितीही न्याय्य असली तरी ती सरकारी कागदात बसत नाही. या लेखात हीच वाट क्रमाने सांगितली आहे.

प्रथम, पैसा कोणाचा आहे ते ओळखा

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील शिक्षकांचे वेतन राज्य शासन जिल्हा परिषदेमार्फत देते आणि त्याची तरतूद राज्याच्या अर्थसंकल्पात ‘२२०२ सर्वसाधारण शिक्षण’ या मुख्य लेखाशीर्षाखाली असते. इमारतीसारख्या भांडवली खर्चाचे मुख्य लेखाशीर्ष ४२०२ आहे. त्याखेरीज समग्र शिक्षा ही योजना २०१८ पासून सुरू असून तिचा खर्च केंद्र आणि राज्य ६० : ४० या प्रमाणात उचलतात. शाळेला दरवर्षी मिळणारे संयुक्त शाळा अनुदान याच योजनेतून येते आणि ते पटावर ठरते : ३० पर्यंत पट असल्यास १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १,००,००० रुपये. आपल्या शाळेला यंदा किती अनुदान देय होते, त्यातले किती आले आणि केव्हा आले, हा पालकांनी विचारायचा पहिला प्रश्न असावा, कारण त्याचे उत्तर मुख्याध्यापकांच्या रोकडवहीत आणि बँक पुस्तकात लिहिलेले असते.

वर्गखोली बांधायची किंवा दुरुस्त करायची असेल तर मुंबईपर्यंत जाण्याची गरज बहुधा पडत नाही. जिल्हा वार्षिक योजना पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती ठरवते आणि तिच्यात सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना असे वेगवेगळे कप्पे असतात. आमदारांच्या स्थानिक विकास निधीतूनही शाळेची कामे होतात. पेसा क्षेत्रातील, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा लागू असलेल्या भागातील ग्रामपंचायतींना, म्हणजे अक्राणी (धडगाव), अक्कलकुवा, तळोदा, नवापूर यांसारख्या तालुक्यांतील आणि साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांच्या अनुसूचित भागांतील गावांना, आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध (ठरावीक कामाशी न बांधलेला) निधी थेट मिळतो आणि त्याच्या मान्य बाबींत शिक्षण आहे. स्वच्छतागृहाचे दार बसवण्यासाठी विधानसभेत लक्षवेधी सूचना मांडायची आणि गावाच्या खात्यात हा निधी पडून राहू द्यायचा, असे करू नये. प्रथम ग्रामसभेत जावे.

आश्रमशाळेचा प्रश्न असेल तर मंत्रीच वेगळे असतात. शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत येतात आणि खान्देशात नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल येथे त्या विभागाची प्रकल्प कार्यालये आहेत. आश्रमशाळेतील रिक्त पदांविषयी शालेय शिक्षण मंत्र्यांना प्रश्न विचारला गेला की ‘ही बाब या विभागाशी संबंधित नाही’ एवढे उत्तर मिळते आणि एक अधिवेशन वाया जाते.

तक्रार नको, पुरावा हवा

युडायस हा प्रत्येक शाळेचा अकरा अंकी क्रमांक आहे. नंदुरबारचा २७०१ ने, धुळ्याचा २७०२ ने आणि जळगावचा २७०३ ने सुरू होतो. त्याखाली दरवर्षी पट, शिक्षक, खोल्या, पाणी, स्वच्छतागृहे, वीज यांची माहिती भरली जाते. ही माहिती शाळेकडून मागून घ्यावी आणि प्रत्यक्षाशी पडताळावी. मी पाहिलेल्या काही शाळांत ‘नळजोडणी आहे’ असे भरलेले होते, आणि ते खरेही होते, फक्त नळाला पाणी नव्हते. शासनाच्या लेखी तिथे पाण्याचा प्रश्नच शिल्लक राहिला नव्हता. म्हणून माहिती चुकीची असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्यावी, एरवी तुमच्याच शाळेची आकडेवारी तुमच्या मागणीच्या विरोधात उभी केली जाते.

यानंतर शिक्षण हक्क कायद्याची फूटपट्टी लावावी. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो पहिली ते आठवीपुरता आहे, हे विसरू नये. त्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार आणि २०० पर्यंत पाच शिक्षक हवेत. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, संरक्षक भिंत, क्रीडांगण हेही त्यातच आहे. कलम २६ नुसार शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत, आणि कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. ‘शिक्षक कमी आहेत’ या वाक्याऐवजी ‘पट ७४, कायद्यानुसार तीन पदे, कार्यरत एक, कलम २६ चा भंग’ असे लिहिले की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला नुसता शेरा मारून कागद पुढे सरकवणे कठीण जाते.

शिक्षकांची पदे संच मान्यतेने, म्हणजे पटावरून मंजूर पदे ठरवणाऱ्या प्रक्रियेने, ठरतात आणि संच मान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. धडगाव, अक्कलकुवा परिसरातील कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात, त्यामुळे सप्टेंबरच्या पटावर असलेली मुले जानेवारीत वर्गात दिसत नाहीत. तपासणीला आलेला अधिकारी तेव्हा शाळा ‘कमी उपस्थितीची’ ठरवतो. यावर हंगामी वसतिगृहाची तरतूद समग्र शिक्षेत आहे. आईवडील बाहेरगावी असताना मूल गावातच राहून शिकेल, अशी ती सोय आहे. तिचा प्रस्ताव स्थलांतर होण्याच्या आधी, मुलांच्या नावांच्या यादीसह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष बदलले असल्याने आपल्या शाळेचा तक्ता जुन्या आठवणीवर न वाचता त्या निर्णयाशी ताडून वाचावा.

जुनी खोली धोकादायक असेल तर ‘निर्लेखन’ हा शब्द लक्षात ठेवावा. मोडकळीस आलेली खोली दप्तरातून अधिकृतपणे कमी झाल्याशिवाय तिच्या जागी नवी मंजूर होत नाही, कारण कागदावर खोली शिल्लक असते. समितीचा ठराव, बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याचा पाहणी अहवाल आणि जिल्हा परिषदेची निर्लेखन मंजुरी, या क्रमाने ते काम चालते. गावोगाव पत्रे उडालेल्या खोल्या वर्षानुवर्षे तशाच उभ्या राहतात, त्यांतल्या अनेकांचे घोडे याच पायरीवर अडलेले असते.

ठराव कोणी करायचा

कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा ही समितीच तयार करते आणि अनुदानाचा आधार तो आराखडा असतो. प्रत्यक्षात तो मुख्याध्यापक एकटेच भरतात आणि सदस्य सह्या करतात. मला यात मुख्याध्यापकांचा दोष फारसा दिसत नाही, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी तीनला ठेवलेल्या बैठकीला कोण येणार? बैठक संध्याकाळी ठेवावी, आराखडा मोठ्याने वाचावा आणि अहिराणी किंवा पावरीत समजावून सांगावा, म्हणजे सही करणाऱ्या आईलाही आपण काय मागतो आहोत ते कळते.

शिक्षकांनी मात्र निवेदनावर पुढे होऊन सही करू नये. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि बाहेरचे वजन आणल्याचा ठपका ठेवणे सोपे असते. माहिती शिक्षकांनी द्यावी, मागणी पालकांनी करावी.

महिन्यांचे गणित

अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो म्हणून मार्चमध्ये मागणी करणे, ही सर्वांत सर्रास आढळणारी चूक आहे. तोपर्यंत आकडे छापून झालेले असतात. विभाग आपले अंदाज आदल्या वर्षाच्या हिवाळ्यातच वित्त विभागाकडे पाठवतात. चालू वर्षाचे चारमाही आणि आठमाही सुधारित अंदाजही ठरावीक वेळी जातात. जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा साधारणतः डिसेंबर-जानेवारीत जिल्हा नियोजन समितीपुढे येतो आणि त्यानंतर नाशिक विभागाची राज्यस्तरीय बैठक वित्तमंत्री घेतात. म्हणून गावाचे वेळापत्रक असे ठेवावे : जुलै-ऑगस्टमध्ये पडताळणी, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव, सप्टेंबरात पट आणि संच मान्यतेवर लक्ष, २ ऑक्टोबरनंतर लगेच प्रस्ताव गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी आणि जिल्हा नियोजन अधिकारी यांच्याकडे एकाच वेळी, आणि दिवाळी संपताच आमदारांची भेट.

आमदारांकडे नेमके काय मागायचे

विधानसभेच्या २८८ जागांपैकी खान्देशात २० आहेत : जळगाव जिल्ह्यात ११, धुळ्यात ५ आणि नंदुरबारमध्ये ४. त्यांतील सात जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. याशिवाय विधान परिषदेत नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघाचा आणि पदवीधर मतदारसंघाचा प्रत्येकी एक सदस्य असतो, आणि या दोन्ही मतदारसंघांत आपले तिन्ही जिल्हे येतात. शिक्षक मतदारसंघात मतदानाचा हक्क माध्यमिक आणि त्यावरील संस्थांतील शिक्षकांनाच आहे, प्राथमिक शिक्षकांना नाही. त्यामुळे शिक्षक आमदारांच्या बोलण्यात अनुदानित माध्यमिक शाळांचे प्रश्न अधिक आणि वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेचे कमी येतात, याचे आश्चर्य वाटू नये. तुमची मागणी प्राथमिक शाळेची असेल तर विधानसभा सदस्याकडे आधी जावे.

भेटीला जाताना एक पानी टिपण न्यावे. आमदारांना भाषण ऐकवू नये; त्यांच्या स्वीय सहायकाला तयार मसुदा हवा असतो. सभागृहातील प्रश्नांची भाषा ठरलेली आहे आणि आपणच तीत लिहून दिले तर काम निम्मे होते. उदाहरणार्थ :

‘सन्माननीय शालेय शिक्षण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या इतक्या प्राथमिक शाळांत मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ च्या अंमलबजावणीसाठी शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

हा तारांकित प्रश्न झाला. त्याचे उत्तर मंत्री सभागृहात देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. मात्र प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न तोंडी चर्चेला येतात, बाकीच्यांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. मला तर लेखी उत्तरच अधिक उपयोगी वाटते, कारण त्यात आकडा असतो आणि तो नंतर नाकारता येत नाही. सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावी लागते, म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठीचा मसुदा दिवाळीच्या आगेमागेच आमदारांकडे पोचलेला असावा.

प्रकरण तातडीचे असेल, म्हणजे छत कोसळले आहे किंवा शाळा बंद करण्याचे आदेश निघाले आहेत, तर विधानसभेच्या नियम १०५ अन्वये लक्षवेधी सूचना देता येते. ती स्वीकारली गेली तर मंत्र्यांना निवेदन करावे लागते. औचित्याचा मुद्दा मांडणे सोपे, पण त्यावर तिथल्या तिथे उत्तर मिळेलच असे नाही. वर्तमानपत्रात ‘आमदारांनी विधानसभेत आवाज उठवला’ अशी बातमी येते ती पुष्कळदा एवढ्यावरच असते, तेव्हा बातमी वाचून थांबू नये आणि कोणत्या संसदीय आयुधाने (प्रश्न, लक्षवेधी की औचित्याचा मुद्दा) आवाज उठवला ते विचारावे. पैशाच्या मागणीसाठी योग्य जागा म्हणजे विभागाच्या अनुदान मागण्यांवरील चर्चा, त्यावरच्या कपात सूचना आणि प्रत्येक अधिवेशनात येणाऱ्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतरच्या जादा तरतुदीच्या मागण्या. विरोधी पक्षाच्या सदस्यांना नियम २९३ अन्वये प्रस्तावावर बोलण्यासाठी जिल्हावार आकडेवारी हवी असते; ती त्यांनाही द्यावी. शाळेचे टिपण एकाच पक्षाच्या आमदाराला दिले की ती शाळा त्या पक्षाची होते, आणि पुढच्या निवडणुकीनंतर गाव दोन्हीकडून अडचणीत येते.

समित्यांकडे गावे क्वचितच जातात. पंचायत राज समिती जिल्हा परिषदेच्या कारभाराची तपासणी करायला येते, अनुसूचित जमाती कल्याण समिती आदिवासी भागात दौरे करते. अशा दौऱ्यात अधिकाऱ्यांची उडणारी धांदल ज्याने पाहिली असेल, त्याला दौऱ्याच्या तारखेआधी पोचलेल्या लेखी टिपणाची किंमत सांगावी लागणार नाही.

शासन निर्णय निघाला, पुढे काय?

शासन निर्णय आणि अर्थसंकल्पीय तरतूद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांच्या टप्पा अनुदानवाढीचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाला, परंतु त्याला निधीची जोड मिळाली नाही म्हणून जुलै २०२५ मध्ये, पावसाळी अधिवेशन चालू असतानाच, शिक्षकांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. तेव्हा निर्णय हाती आला की पेढे वाटण्याआधी त्यातील ‘यासाठी होणारा खर्च अमुक लेखाशीर्षाखालील तरतुदीतून भागविण्यात यावा’ हे वाक्य शोधावे. ते नसेल, किंवा तरतूदच शून्य असेल, तर पुढची मागणी पुरवणी मागणीची आहे. निधी वितरित झाला की नाही हे राज्याच्या ‘बीम्स’ या संगणक प्रणालीत दिसते. जिल्ह्याच्या पातळीवर माहितीचा अधिकार वापरावा : दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत. प्रश्न मात्र नेमका असावा. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले की उत्तरात टोलवाटोलवी येते. ‘अमुक वर्षात अमुक शीर्षाखाली प्राप्त निधी, वितरित निधी आणि समर्पित निधी’ असे लिहिले की आकडे येतात. ‘समर्पित’ म्हणजे खर्च न होता ३१ मार्चला परत गेलेला. हा आकडा आमदारांच्या हातात दिला की बैठकीचा सूर बदलतो.

धोरण बदलायचे असेल तेव्हा

निधीचा लढा तालुक्यात लढता येतो, धोरणाचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा यशाचे उदाहरण म्हणून आपल्याच धडगाव तालुक्यातील तोरणमाळचे नाव राज्यभर घेतले गेले. तोरणमाळला निवासी सोय आहे. ती सोय नसलेल्या पाड्यावर तोच नमुना लावला तर सहा वर्षांचे मूल घाट उतरून रोज शाळेत जाणार कसे, हा प्रश्न मांडण्यासाठी पालकांकडे कायद्याचाच आधार आहे : महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. अशा वेळी अंतर नकाशावर सरळ रेषेत न मोजता मुलांच्या पायवाटेने मोजावे, ओढे आणि नाले त्यावर दाखवावेत, आणि तो हाताने काढलेला नकाशा ठरावाला जोडावा.

धोरणाच्या बाबतीत वेळ किती महत्त्वाची ठरते, हे २०२५ मध्ये दिसले. पहिलीपासून हिंदीसंबंधीचा १६ एप्रिलचा आणि त्यानंतर १७ जूनचा असे दोन्ही शासन निर्णय २९ जूनला मागे घेण्यात आले. पावसाळी अधिवेशन ३० जूनला सुरू होणार होते. अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात सरकारचे कान सर्वांत तीक्ष्ण असतात. पावरी, भिली, मावची किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांना पहिल्या इयत्तांत घरच्या भाषेचा आधार मिळावा, ही आपल्या भागाची जुनी गरज आहे, आणि कलम २९ मध्ये ‘शक्य तेथवर मातृभाषेतून’ असे शब्द आहेत. ही मागणी एकट्या गावाने मांडू नये. पाच-सहा ग्रामसभांचे सारख्या मजकुराचे ठराव एकत्र बांधून, अधिवेशनाच्या महिनाभर आधी, एकाच दिवशी सातही राखीव मतदारसंघांतील आमदारांना द्यावेत.

आश्वासनाचा हिशेब

मंत्री सभागृहात ‘तीन महिन्यांत पदे भरू’ असे म्हणाले की ते आश्वासन होते आणि विधानमंडळाची आश्वासन समिती त्याच्या पूर्ततेचा मागोवा घेते. त्यासाठी कार्यवाहीतील नेमके वाक्य, दिनांक आणि प्रश्नाचा क्रमांक लागतो. हे विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे. मुदत उलटली की आमदारांना दोन ओळींचे पत्र द्यावे, आणि त्याची प्रत समितीला पाठवावी. आपल्याकडे ‘साहेबांनी शब्द दिलाय’ एवढ्यावर माणसे गप्प बसतात. शब्द कोणत्या तारखेचा, हे कोणी लिहून ठेवत नाही.

काम मंजूर झाल्यावर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि कार्यारंभ आदेश या तिन्हींच्या प्रती शाळेच्या दप्तरात ठेवाव्यात आणि अंदाजपत्रकातील सळई-सिमेंटचे प्रमाण समितीतील एखाद्या गवंड्याकडून वाचून घ्यावे. खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेले पाहिजे, नाहीतर पुढचा हप्ता अडतो आणि दोष शाळेवर येतो. समितीची मुदत संपली की सगळी कागदपत्रे नव्या समितीच्या पहिल्याच बैठकीत यादीसह सोपवावीत. माझ्या वेळी ती एका सदस्याच्या घरच्या ट्रंकेत राहिली आणि पुढच्या समितीने निर्लेखनाचा प्रस्ताव पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.